भविष्यकाळाचं मस्टर

सरांनी मला भविष्यकाळ कधीच शिकवू दिला नाही.

सातपूरला औषधांच्या दुकानाच्या वर, एका लांबट खोलीत आमचा इंग्रजी संभाषणाचा क्लास होता. मी नुकतीच एम.ए. झाले होते आणि इंग्रजी साहित्यातलं बरंच काही वाचलेलं असल्यामुळे कुठेही नोकरी मिळत नव्हती. सर साठीच्या पुढचे. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात उभं आयुष्य टाइमकीपर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्याकडे दोन गोष्टी उरल्या : एक मनगटी घड्याळ आणि नोटिसा लिहून लिहून कमावलेलं बिनचूक इंग्रजी.

पहिल्याच दिवशी त्यांनी कामाची वाटणी केली.

"वर्तमानकाळ तुमचा, मॅडम. भूतकाळही घ्या. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हेच मी जन्मभर लिहिलं. त्यात आता मला रस नाही. भविष्यकाळ मात्र माझ्याकडे राहू द्या."

भविष्यकाळ म्हणजे फार तर चार धडे, असं मला वाटलं होतं. सरांनी तो वर्षभर पुरवला.

क्लासचे मालक स्वतःला डायरेक्टर म्हणवून घेत. हमरस्त्यावर त्यांचा फलक होता. त्यात ते हाताची घडी घालून उभे आणि मागे एक विमान, नेमकं त्यांच्या डाव्या कानातून निघाल्यासारखं. खाली मोठ्या अक्षरांत : 'तीस दिवसांत तुम्ही अस्खलित इंग्रजी बोलाल!' सर रोज सायकलवरून त्या फलकाखालून येत. जिना चढून आले की रुमालाने कपाळ पुसत आणि मला विचारत, "पुरावा?"

पुरावा हा त्यांचा शब्द. 'गोइंग टू' म्हणायचं तर डोळ्यांना दिसेल असा काहीतरी पुरावा पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. 'विल' म्हणजे तोंडाने दिलेला शब्द किंवा त्याच क्षणी सुचलेली गोष्ट. त्याला पुरावा लागत नाही, पण माणूस लागतो. आणि 'आय ॲम मीटिंग हिम टुमारो' असं कोणी म्हणालं, तर ती भेट दुसऱ्या माणसालाही ठाऊक असली पाहिजे. "नाहीतर तो बेत नव्हे, ते तुमचं स्वप्न. स्वप्न घरी बघा. क्लासची वेळ साडेपाच ते सात आहे." 'शॅल' शिकवायला ते तयारच नव्हते. 'शॅल' फक्त नोटिशीत असतं, म्हणत, आणि ते वाचून आजवर कोणाचं भलं झालेलं त्यांनी बघितलं नव्हतं.

पुस्तकात काळ्या ढगांचं चित्र होतं आणि त्याखाली 'इट इज गोइंग टू रेन'. सरांनी ते पान बंद केलं. "नाशिकचे ढग त्र्यंबकला जाऊन पडतात. हा पुरावा मानायचा नाही. उठा सगळे."

सगळे म्हणजे पहिली पाळी संपवून आलेले लेथवरचे कामगार, दोघी-तिघी नर्सेस, एक पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाई. ही सगळी मंडळी खिडकीत गोळा झाली. समोर बसथांबा.

"तो निळा शर्ट बघा. काय करणार आहे?"

"ही इज गोइंग टू कॅच द बस," बाई म्हणाल्या.

"पुरावा?"

"पिशवी उचलली ना त्याने, सर."

"आणि रस्त्याकडे बघतोय," कोणीतरी भर घातली.

बस आली, नेहमीप्रमाणे थांब्याच्या बरीच पुढे जाऊन थांबली. सगळा थांबा तिच्यामागे धावला. निळा शर्ट तिथेच. त्याने पिशवी उचलली होती ती एका म्हातारबाबांना बसायला जागा करून द्यायला. क्लास हसायला लागला. सर अजिबात हसले नाहीत.

"वाक्य बरोबर होतं," ते बाईंना म्हणाले. "माणूस गैरहजर राहिला."

ही भाषा त्यांच्या मस्टरमधली. कारखान्यात असतं तसंच लांबरुंद, कापडी पाठीचं हजेरीचं मस्टर त्यांनी क्लाससाठी आखलं होतं. पण हजेरी माणसांची नव्हे, वाक्यांची. दर शुक्रवारी प्रत्येकाने उभं राहून आपल्याविषयी भविष्यकाळात एक खरं वाक्य सांगायचं. सर ते लिहून घेत : नाव, वाक्य, पुरावा, शेरा. ठरल्या दिवशी ते घडलं की शेऱ्यात 'पी', म्हणजे वाक्य हजर. घडलं नाही तर 'एल', लेट. शेरा देताना ते घड्याळात बघत, तारीख घालत, खाली बारीक सही करत. मोठ्या माणसांची तोंडं तेव्हा शाळकरी पोरांसारखी व्हायची.

दिंडोरीकडच्या एका बागायतदाराचा मुलगा उभा राहून म्हणाला, "आय ॲम गोइंग टू बाय अ ट्रॅक्टर."

"पुरावा?"

"कॅटलॉग आणलाय ना, सर."

"वडील काय म्हणतात?"

"ते नाय म्हणत्यात."

"मग तू 'आय होप'वर ये. वडील नुसते गप्प बसले की 'विल' म्हण. हो म्हणाले की 'गोइंग टू'. आणि ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला की मॅडमकडे जा, तो भूतकाळ."

तीन शुक्रवार तो मुलगा 'होप'वर होता. चौथ्या शुक्रवारी पायऱ्यांवरूनच ओरडत आला, "सर, गप बसले! काल जेवताना इषय काढला तर गप बसले!" आणि खोलीने टाळ्या वाजवल्या. हे सगळं मला तेव्हा विनोदी वाटायचं. व्याकरण असं शिकवत नाहीत, हे मला चार पुस्तकं वाचून माहीत होतं. सरांना ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांची मुलं शिकत होती.

डायरेक्टरांचं आणि सरांचं एकदा वाजलं. मुंबईची कुठलीशी मोठी कंपनी क्लास चालवायला घेणार होती. त्यांची माणसं पाहणीला येणार होती. विद्यार्थ्यांची हजेरी जरा भरघोस दिसावी, म्हणून डायरेक्टरांनी नवं कोरं मस्टर सरांपुढे ठेवलं. "जूनपासून भरून टाका. तुमचं अक्षर चांगलं आहे. सह्या काय, मागच्या तारखा टाकून..."

"आजची तारीख टाकून मागचं लिहितो. चालेल?"

"अहो, मग त्याला काय अर्थ?"

"मलाही तेच म्हणायचंय. मागच्या तारखेची सही मी कारखान्याच्या मालकालाही दिली नाही."

डायरेक्टर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस चांगला आहे हो, पण प्रॅक्टिकल नाही." त्यांच्या टेबलावर काचेखाली एक इंग्रजी सुविचार होता, सचोटीविषयी. त्यात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या.

आमच्याकडे कळवणची एक मुलगी यायची. इथल्या एका खासगी रुग्णालयात नर्स होती. परदेशात नोकरी मिळण्यासाठी जी इंग्रजीची परीक्षा लागते, तिला ती बसत होती. पहिल्या शुक्रवारी म्हणाली, "आय ॲम गोइंग टू पास."

"पुरावा?"

"पुरावा नाय सर, पण लय अभ्यास केला हाय."

सरांनी पुराव्याच्या रकान्यात 'अभ्यास' असं लिहिलं. ती नापास झाली. 'एल'. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा नापास. 'एल'. तिसऱ्या खेपेला ती निकालाचा कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "आता 'ए' मारा सर. ॲबसेंट. घरचे म्हनत्यात, बास झालं, लग्न करून टाक."

सरांनी 'एल' मारला, घड्याळ बघितलं, सही केली. "बस खाली. पुढचं वाक्य सांग."

त्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर खालच्या टपरीवर चहा घेतला. माझ्यातला शिक्षक चिडला होता. म्हटलं, "सर, हे मुलांना खोटी आशा लावणं झालं. तुमच्या मस्टरमध्ये एकही 'ए' नाही."

"नाहीच."

"का?"

"मॅडम, गैरहजर कधी मारतात? पाळीचा भोंगा वाजून पाळी संपली की. तोपर्यंत माणूस फक्त उशिरा असतो." त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "पोरगी चोवीस वर्षांची आहे. तिचा भोंगा कुठे वाजला?"

मग, जणू कारखान्यातली एखादी साधी घटना सांगावी तसं, त्यांनी मला त्यांच्या मुलीची गोष्ट सांगितली. पत्नी लवकर गेली. घरात दोघंच. मुलगी शिकून त्यांच्याच कारखान्यात तपासणी खात्यात उमेदवार म्हणून लागली. उमेदवारी संपत आलेली. कायम करायचं की नाही हे हजेरीवर ठरणार. आधीचे दोन लेट मार्क होते. तिसरा म्हणजे नाव कापलं जाणार. त्या दिवशी सर सकाळी सायकलवर पुढे निघून आले आणि डबा घरी विसरले. बसथांब्यापर्यंत आलेल्या मुलीला शेजारणीने हाक मारून सांगितलं. ती परत घरी गेली, डबा घेतला, पुढची बस पकडली. कारखान्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा सवलतीच्या पाच मिनिटांवर आणखी तीन मिनिटं झाली होती.

"टाइम ऑफिसच्या खिडकीतून तिने डबा आत दिला," सर म्हणाले. "मी डबा घेतला आणि लेट मार्क मारला."

मी माझा ग्लास त्यांच्या ग्लासाशेजारी ठेवला.

"तिच्या साहेबांनी माफीची चिठ्ठी लिहून पाठवली होती. भले गृहस्थ. लेट माफ करावा, म्हणून. त्यावर टाइम ऑफिसची सही लागते, मग ती वर जाते. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवली. फाटकावर कोणी म्हणायला नको, की बापाने पोरीचा लेट माफ करून घेतला. कोणी म्हणालंही नसतं, मॅडम. ते मला नंतर कळलं. सगळे वाटच बघत होते, की हा सही करतो का."

मुलीला कायम केलं नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, की बाबा, तेवढा लेट माफ करून आणा, मग आपण बोलू. दोन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. जुनी मस्टरं रद्दीत गेली. सरांनी ड्रॉवर रिकामा केला तेव्हा चिठ्ठी घरी आणली. मुलगी मावशीकडे राहायला गेली, पुढे तिचं लग्न झालं.

"तुम्ही गेला होतात लग्नाला?"

"गेलो ना. वेळेवर गेलो. वाकून नमस्कार केला तिने. बोलली नाही."

"आता कुठे असते?"

"नाशिक रोडला."

मला वाटलं होतं, दुबई म्हणतील, अमेरिका म्हणतील. सातपूरहून नाशिक रोड म्हणजे एक शहर बस, फार तर दोन. एवढ्या अंतरासाठी या माणसाने पंधरा-सोळा वर्षं पुरावा गोळा केला होता.

त्या दिवसानंतर मला ते मस्टर विनोदी वाटेनासं झालं.

मुंबईच्या कंपनीने क्लास घेतला. भविष्यकाळ आता मोबाइलवर शिकवला जाणार होता. एका आकर्षक आवाजाच्या बाई तो अकरा मिनिटांत संपवत. आमच्या शेवटच्या शुक्रवारी खोली भरलेली होती. जुने विद्यार्थीही आले होते. सगळ्यांची वाक्यं झाली. सर मस्टर मिटणार, तेवढ्यात कळवणची मुलगी उभी राहिली.

"सर, तुमचं वाक्य ऱ्हायलं."

"माझं नाव मस्टरवर नाही."

"मग चढवा की. इतके दिस आमचीच उलटतपासनी."

"हो सर, आता सुटका नाय!" ट्रॅक्टरवाला मागून ओरडला. बाकं वाजायला लागली.

सर उभे राहिले. शर्टाची बटणं नीट आहेत का, हे त्यांनी हाताने चाचपलं. मग अगदी सावकाश, पहिल्या दिवशी मुलं बोलतात तसं बोलले, "आय ॲम गोइंग टू सी माय डॉटर ऑन संडे. ॲट टेन."

"पुरावा?" मुलगी हसत म्हणाली. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

सरांनी खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून चार घड्यांचा एक पिवळा पडलेला कागद. तो उघडून दाखवला नाही, नुसता वर धरला. "हा," म्हणाले. मस्टर त्यांनी माझ्याकडे सरकवलं. सरांचं वाक्य मी माझ्या हाताने लिहिलं. भविष्यकाळातलं त्या क्लासमधलं माझं एवढंच काम.

रविवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. नको म्हणत होते; मी ऐकलं नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर मस्टर. मस्टर कशाला, हे मी विचारलं नाही. साडेनऊलाच आम्ही तिच्या इमारतीसमोर पोचलो.

"अर्धा तास आहे," सर म्हणाले.

"सर, मुलीच्या घरी जायला अर्धा तास आधी चालतं."

"दहा सांगितलंय."

कोणाला सांगितलंय, हे मी विचारू शकले असते. वर कोणालाच काही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं, स्कूटरच्या सीटवर मस्टर ठेवलं, त्यावर तो कागद उलगडला आणि खालच्या रिकाम्या जागेत सही केली. शेजारी तारीख टाकली. त्या दिवसाची, रविवारची. मग घडी घालून खिशात ठेवला आणि फाटकाजवळच्या बदामाच्या झाडाखाली घड्याळ बघत उभे राहिले.

दहाला चार मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. नऊ-दहा वर्षांची मुलगी पाठीवर दप्तर घेऊन धावत खाली आली. तिच्यामागून ओढणी सावरत, हातात डबा घेऊन तिची आई. नाक थेट सरांचं.

"आई, चल ना! क्लासला उशीर झाला! बाई बाहेर उभं करतात!"

"होऊ दे गं. पाच मिनिटांनी काही होत नाही. डबा विसरलीस बघ परत."

तिने डबा दप्तरात कोंबला, मुलीला मोपेडवर मागे बसवलं आणि आमच्या समोरून, चार हातांवरून, निघून गेली. सर झाडाच्या मागे सरकले होते. इतक्या झटकन, की मला वाटलं पडतील.

"येतील परत दहा मिनिटांत," मी म्हटलं. "थांबू या आपण."

ते बराच वेळ मोपेड गेली त्या वळणाकडे बघत होते. मग म्हणाले, "चला, मॅडम."

"अहो सर, पण..."

"पाच मिनिटांनी काही होत नाही, म्हणाली. ऐकलंत ना?" त्यांचा आवाज मी तसा पूर्वी कधी ऐकला नव्हता. "कोणीतरी तिला हे त्या दिवशी म्हणायला पाहिजे होतं. आज नाही मला वर जाता येणार. पुढच्या रविवारी."

परत आल्यावर त्यांनी माझ्या घराच्या पायरीवर बसून स्वतःच्या नावापुढे 'एल' मारला, सही केली, खिशातली चिठ्ठी त्याच पानात ठेवली आणि मस्टर मला दिलं. "तुमच्याकडे असू द्या. रविवारी जाताना घेऊ."

पुढचा रविवार आला नाही. गुरुवारी ते गेले. झोपेत, म्हणे. मी त्या रविवारी हट्टाने त्यांना हाताला धरून वर का नेलं नाही, हे मी स्वतःला अजून विचारते. तेव्हा मला वाटलं होतं, भरपूर रविवार आहेत.

आता मी एका महाविद्यालयात शिकवते. भविष्यकाळसुद्धा. वर्गाच्या खिडकीतून बसथांबा दिसत नाही, पार्किंग दिसतं. कधीकधी कोणी डिक्कीला हात घालतं आणि माझ्या तोंडावर 'पुरावा?' येतं, ते मी गिळते. दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मला अजून कुठेतरी पोचायचं असल्यासारखं वाटतं. कळवणची मुलगी पाचव्या खेपेला पास झाली. परदेशातल्या रुग्णालयातून तिचा आवाज आला, "मॅडम, माझा पी मारा बरं का, तारीख टाकून!" मी मारला. मस्टर काढलं की नंतर मी सरांचं पान उघडायचे, चिठ्ठी तिथेच आहे ना बघायचे आणि मिटून ठेवायचे. सरांच्या मुलीकडे जायचं धैर्य मला वर्षभर झालं नाही.

शेवटी तीच आली. वडिलांची वर्षभर बंद राहिलेली खोली रिकामी करताना तिला माझा नंबर सापडला होता. "त्यांचं काही तुमच्याकडे आहे का?" एवढंच विचारलं. मी चहा ठेवला, मस्टर आणून दिलं.

ती पानं उलटत राहिली. ट्रॅक्टरपाशी थोडी हसली. मग ते पान आलं. चिठ्ठी तिने उघडली, वाचली. सहीवरून बोट फिरवलं.

"ही तारीख," ती म्हणाली.

"त्या दिवशी आले होते ते. तुमच्या फाटकापाशी. तुम्ही मुलीला क्लासला सोडायला निघाला होतात."

"वर का नाही आले?"

मी तिला तिचंच वाक्य सांगितलं, पाच मिनिटांचं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. चहावर साय धरली.

"मागची तारीख टाकली असती तर काय झालं असतं?" ती म्हणाली. रागाने नव्हे. "सोळा वर्षांपूर्वीची. कोणी बघणार होतं?"

"नसती टाकली त्यांनी."

"नाहीच टाकली," ती म्हणाली, आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

मग तिने मस्टर पुन्हा पुढे ओढलं. वडिलांचं नाव, माझ्या अक्षरातलं वाक्य, आणि शेऱ्यात 'एल'. त्या 'एल'कडे ती कितीतरी वेळ बघत होती. ते अक्षर तिच्याइतकं कोण ओळखणार?

"ह्याला माफीची सही लागते," ती म्हणाली. "पेन आहे?"

मी पेन दिलं. 'एल'च्या शेजारी तिने 'माफ' असं लिहिलं, खाली सही केली. मग तारखेसाठी थांबली, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि आजची तारीख घातली.